कागदाविना रचना : एलियान रादीग यांचे ध्वनिफितीकडून वादकाकडे जाणे

2000 साली फ्रेंच संगीतरचनाकार एलियान रादीग यांनी ‘लील रे-सोनांत’ ही तासाभराच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक रचना पूर्ण केली, तेव्हा त्या 68 वर्षांच्या होत्या. त्याआधीची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी पॅरिसमधल्या आपल्या राहत्या घरी, एकाच सिंथेसायझरवर, एकटीने काम केले होते. त्यांच्या संगीताला वादक लागत नव्हता, स्वरलिपी लागत नव्हती, तालीमही लागत नव्हती. ध्वनिफीत तयार झाली की रचना तयार झाली. पुढच्या दहा वर्षांत हे सगळे पालटले. सिंथेसायझर कायमचा बाजूला पडला आणि रादीग चेलो, बासेट हॉर्न (क्लॅरिनेटच्या जातीचे सुषिर वाद्य), हार्प, व्हायोला, व्हायोलिन यांसाठी रचना करू लागल्या. त्यातली एकही रचना त्यांनी स्वरलिपीत लिहिली नाही. वादकाने त्यांच्या घरी यायचे, समोर बसून वाजवायचे, दोघांनी मिळून ऐकायचे आणि असे करता करता रचना आकाराला यायची.

या प्रकरणात मला एकाच प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे. जिने आयुष्यभर प्रत्येक ध्वनी स्वतःच्या हाताने घडवला, तिने सत्तरीच्या उंबरठ्यावर तो ध्वनी दुसऱ्याच्या हाती का सोपवला, आणि सोपवताना कागदाचा आधारही का नाकारला? याचे उत्तर बहुतेक लेखांत ‘उतारवयात घेतलेले धाडसी वळण’ असे दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. माझ्या मते रादीग यांचे संगीत बदललेच नाही. ते जिथे साठवले जात होते, ती जागा बदलली. हे पटवायचे तर आधी त्यांच्या फितीवरच्या कामाकडे जरा सावकाश पाहावे लागते.

विमानतळाजवळचे घर

रादीग यांचा जन्म 24 जानेवारी 1932 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील व्यापारी होते. लहानपणी पियानोचे शिक्षण मिळाले. पुढे शिल्पकार आर्मान यांच्याशी विवाह झाला आणि संसार दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहरात सुरू झाला. तीन मुले झाली. नीसचे घर विमानतळापासून जवळ होते. तिथे विमानांचे आवाज ऐकता ऐकता त्यांना एकेका इंजिनाचा पोत निराळा ओळखू येऊ लागला, असे त्या पुढे मुलाखतींतून सांगत. याच काळात त्यांनी रेडिओवर पिएर शेफेर यांची आगगाडीच्या आवाजांतून घडवलेली 1948 सालची रचना ऐकली, आणि विमानाच्या आवाजाकडे आपण जसे कान लावून बसतो त्यालाही संगीत म्हणता येते, अशी खूणगाठ त्यांनी बांधली.

शेफेर यांनी फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओत ‘म्युझिक काँक्रेत’ या पद्धतीचा पाया घातला होता. ध्वनिमुद्रित आवाज कापायचे, उलटे फिरवायचे, जोडायचे आणि त्यातून रचना उभी करायची, अशी ती पद्धत. रादीग यांनी 1950 च्या दशकात तिथे उमेदवारी केली आणि 1967-68 मध्ये शेफेर यांचे सहकारी पिएर आँरी यांच्या स्टुडिओत सहायक म्हणून काम केले. कात्री, चिकटपट्टी आणि चुंबकीय फीत यांचे तंत्र त्या इथेच शिकल्या. परंतु त्यांचा कान वेगळ्याच दिशेला ओढ घेत होता. शेफेर आणि आँरी यांच्या रचनांत आवाज एकामागून एक आदळतात, तुटतात, वळतात. रादीग यांना मात्र एकच आवाज दीर्घकाळ चालू ठेवून त्याच्या पोटात काय चालले आहे, ते ऐकायचे होते.

त्यासाठी त्यांनी हाती घेतलेले पहिले साधन म्हणजे फीडबॅक. माइक स्पीकरसमोर आला की जी शिट्टी घुमते, ती आपल्याला सभागृहात नकोशी वाटते. रादीग यांनी तीच जवळ केली. माइक आणि स्पीकर यांच्यातले अंतर केसभर बदलले की शिट्टीचे रूपांतर संथ थरथरीत होते. आणखी केसभर सरकवले की आवाज विझतो, उलट बाजूला सरकवले की किंचाळी फुटते. या दोन टोकांमधली अतिशय अरुंद पट्टी हाताने सांभाळत राहणे, हीच 1960 च्या दशकाच्या अखेरीला त्यांची साधना होती. 1970 मधली ‘व्हाइस-व्हर्सा, एत्सेतेरा’ ही रचना याच साहित्यातून झाली; तिच्या फिती कोणत्याही गतीने, सुलट किंवा उलट, एकेकट्या किंवा एकत्र लावता येतात, आणि तिच्या केवळ दहा प्रती काढल्या गेल्या. हा मार्ग दोन्ही गुरूंच्या पचनी पडला नाही. रादीग यांनी तो सोडला नाही आणि गुरूंशी वादही घातला नाही. त्या आपल्या वाटेने निघाल्या.

स्टॉपवॉच आणि फीत

1970-71 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मुक्कामात त्यांचा सिंथेसायझरशी परिचय झाला. आधी त्यांनी विद्यापीठाच्या स्टुडिओतल्या बुक्ला यंत्रावर काम केले. मग एआरपी 2500 हे यंत्र त्यांच्या हाती आले आणि त्यांनी तेच निवडले. हे कपाटाएवढे यंत्र पॅरिसला आणताना त्यांनी त्याचा कीबोर्ड जाणूनबुजून मागे ठेवला. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली वाटते. कीबोर्ड असला की बोट पट्टीवर जाणार, पट्टीवर गेले की सुटा स्वर निघणार, आणि सुट्या स्वरांची मांडणी सुरू होणार. त्यांना स्वर मांडायचे नव्हते. ध्वनी हळूहळू वाढवायचा होता.

त्यांची कामाची पद्धत इथे तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण पुढच्या निर्णयाचे बीज तिच्यातच आहे. दोन ध्वनिलहरींच्या वारंवारितांत अगदी थोडे अंतर ठेवले की त्या एकमेकींत मिसळून संथ ठोके निर्माण करतात. एक लहर सेकंदाला 100 वेळा कंप पावत असेल आणि दुसरी 100.5 वेळा, तर कानाला दर दोन सेकंदांनी एक उसासा ऐकू येतो. हा उसासा दोन्ही लहरींत वेगवेगळा कुठेच नसतो. तो त्यांच्या भेटीत असतो. रादीग अशा अनेक भेटी एकावर एक रचत, आणि त्यांतले एखादेच अंतर इतक्या मंदपणे बदलत नेत की ऐकणाऱ्याला बदल होताना दिसतच नाही. बदल होऊन गेला, हे मात्र काही मिनिटांनी लक्षात येते. तंबोरा उत्तम लागला की कोणीही न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. रादीग यांच्या संगीताचा सगळा ऐवज त्या न छेडलेल्या स्वरांच्या जातीचा आहे, एवढे सांगितले तरी मराठी वाचकाला त्याची दिशा कळावी. फरक इतकाच की तिथे त्या स्वरावर गायला कोणी येत नाही. तोच संपूर्ण संगीत असतो.

या ध्वनींचे एकेक दीर्घ खंड त्या आधी फितीवर मुद्रित करत. मग अंतिम मिश्रणाच्या दिवशी टेपरेकॉर्डर एका रांगेत लावून, हातात स्टॉपवॉच घेऊन, एक खंड कानाला न जाणवेल इतक्या हळू मावळवत दुसरा तितक्याच हळू उगवत आणत. हे काम सलग, एकाच दमात व्हायचे. शेवटच्या मिनिटाला खटका जरा जोरात सरकला, रस्त्यावरून एखादा धक्का आला, तर पुन्हा पहिल्यापासून. ‘आदनोस’ मालिकेतील रचना, आणि 1988 ते 1993 या काळात पूर्ण झालेली, मृत्यू हा विषय असलेली तीन तासांची त्रयी या पद्धतीने झाल्या आहेत. एकेका रचनेला वर्षे लागत.

म्हणजे ज्या संगीताला आपण ‘यंत्राचे’ म्हणतो, ते प्रत्यक्षात हाताच्या, कानाच्या आणि श्वासाच्या संयमावर उभे होते. रादीग स्वतःच वादक होत्या. फक्त त्यांचे वादन लोकांसमोर होत नव्हते.

मधला खंड

1970 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एका कार्यक्रमानंतर काही विद्यार्थ्यांनी त्यांना सांगितले की हे संगीत तुमच्या एकटीचे नाही. आणि त्यातून त्या तिबेटी बौद्ध साधनेकडे वळल्या. पावो रिन्पोछे हे त्यांचे गुरू झाले. जवळजवळ तीन वर्षे त्यांनी संगीत पूर्णपणे थांबवले. गुरूंच्याच प्रोत्साहनाने त्या पुन्हा कामाला लागल्या. मिलारेपा या तिबेटी योग्याच्या गीतांवरची रचना आणि त्यानंतरची मृत्युत्रयी हे या साधनेचे थेट फळ आहे. त्रयीतील ‘क्येमा’ हा पहिला भाग मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्या दरम्यानच्या अवस्थांचा माग घेतो; दुसऱ्या भागाचे नाव ‘कैलाशा’, तिसऱ्याचे ‘कूमे’. या कामाच्या काळातच त्यांचा मुलगा अपघातात गेला आणि नंतर गुरूही निवर्तले. त्याबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही, कारण त्या दुःखाच्या चाव्या लावून रचना उघडायचा प्रयत्न अनेकांनी केला आहे आणि रचना त्याने उघडत नाहीत. प्रस्तुत प्रकरणासाठी महत्त्वाचे आहे ते इतकेच, की त्यांनी अशा परंपरेत बरीच वर्षे काढली जिथे शिकवण मुखोद्गत दिली जाते आणि ग्रंथ उपलब्ध असूनही ग्रंथावर विसंबून राहत नाहीत.

अडचण नेमकी कोणती होती

फितीवरच्या कामात दोन अडचणी होत्या. एक उघड होती. अॅनालॉग सिंथेसायझरचे आंदोलक, म्हणजे ध्वनिलहरी निर्माण करणारे भाग, तापमानाप्रमाणे सरकतात. आज लावलेले अंतर उद्या तसेच राहत नाही. शिवाय वर्षानुवर्षे त्याच यंत्राशी झगडण्याला शरीराचीही मर्यादा असते.

दुसरी अडचण खोलवरची होती. रादीग यांच्या संगीतातले खरे जे काही आहे ते फितीवर नसतेच. ते स्पीकरमधून बाहेर पडलेला ध्वनी खोलीच्या भिंतींना, छताला, लाकडी जमिनीला भिडल्यावर जन्माला येते. म्हणून कार्यक्रमाआधी त्या स्पीकर कुठे आणि कोणत्या दिशेला ठेवायचे यावर फार वेळ घालवत. ध्वनी अमुक पेटीतून येतो आहे असे श्रोत्याला वाटू नये, तो खोलीतच असावा, असा त्यांचा आग्रह असे. परंतु फीत खोलीचे ऐकत नाही. खोली पोकळ असो की भरीव, श्रोते वीस असोत की दोनशे, फीत आपल्या ठरलेल्या वेगानेच पुढे जाते. एखादा उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारा वरचा स्वर, या सभागृहात सुंदर फुलला आहे, तर त्याच्यापाशी अर्धा मिनिट जास्त थांबू या, असे फितीला म्हणता येत नाही. तयार करताना रादीग प्रत्येक क्षणी ऐकून निर्णय घेत होत्या. सादर होताना मात्र तो निर्णय गोठलेला असे. आपल्याला आयुष्यभर जे हवे होते ते वाद्यांपाशी आल्यावर सापडले, असे त्या पुढे सांगत. हे मला पटते.

तरीही पहिले पाऊल त्यांनी स्वतः उचलले नाही. फ्रान्समध्ये काम करणारे बासगिटारवादक कॅस्पर टोप्लिट्झ यांनी आग्रह धरला, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत विद्युत बासगिटारसाठी ‘एलेमेंताल दोन’ ही रचना झाली. तिथे वाद्य असले तरी विजेचा आधार होता. खरी कसोटी पुढे होती.

लांडग्याचा स्वर

अमेरिकी चेलोवादक चार्ल्स कर्टिस रादीग यांच्याकडे आले तेव्हा निव्वळ लाकडी वाद्यातून आपले संगीत निघेल का, याची त्यांना खात्री नव्हती. चेलो हे युरोपीय अभिजात परंपरेचे लाडके वाद्य आहे. त्याच्या गळ्यात गाणेच भरलेले आहे. रादीग यांना गाणे नको होते. दोघांनी मिळून जी वाट काढली ती मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

चेलोच्या लाकडी पेटीची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारिता असते. वादक तार दाबत दाबत नेमका त्या स्वरापाशी आला की तार आणि पेटी एकमेकींशी भांडू लागतात. तारेची ऊर्जा पेटी ओढून घेते, परत देते, पुन्हा ओढते, आणि स्वर गुरगुरतो, अडखळतो, फाटतो. वादक याला ‘वुल्फ’, म्हणजे लांडगा म्हणतात. हा दोष मानला जातो. तो दाबण्यासाठी घोडीच्या खालच्या बाजूला तारेवर एक लहानसे धातूचे वजन अडकवण्याची पद्धत आहे. कर्टिस आणि रादीग यांनी नेमके उलटे केले. त्यांनी लांडग्यालाच षड्ज मानले. चेलोच्या चारही तारा, आणि तारांखेरीज वाद्याचे जे जे भाग वाजू शकतात ते, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात ती खालची पट्टी, तिला धरून ठेवणारी तार, जमिनीवर टेकणारी खुंटी, हे सगळे शक्य तितके त्या एका अस्थिर स्वराच्या जवळ आणले. संपूर्ण वाद्य आपल्याच दोषाशी जुळवले गेले.

ज्याने कधी तंतुवाद्य लावले आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. आपण तारा एकमेकींशी जुळवतो; इथे तारा लाकडाशी जुळवल्या आहेत. परिणामी गज कितीही हलका फिरवला तरी नुसती तार बोलत नाही, सगळे वाद्य बोलते, आणि जे बोलते त्याच्यावर वादकाचे पूर्ण नियंत्रण राहत नाही. स्वर एका अवस्थेतून दुसरीत कधी उलटेल हे ठरवता येत नाही. फक्त उलटण्याच्या काठावर त्याला धरून ठेवता येते. 1960 च्या दशकात माइक आणि स्पीकर यांच्यामधली ती अरुंद पट्टी रादीग जशी सांभाळत होत्या, अगदी तसेच. म्हणूनच मी म्हणतो की संगीत बदलले नाही. फीडबॅकची शिट्टी आणि लांडग्याची गुरगुर या एकाच घटनेच्या दोन जाती आहेत: एक व्यवस्था स्वतःचाच ध्वनी स्वतःला परत पाजते आहे आणि माणूस तिच्या काठावर उभा आहे.

सुमारे एका तासाची ही रचना, ‘नालज्योरलाक एक’, 2005 च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झाली. पुढे कॅरोल रॉबिन्सन आणि ब्रुनो मार्टिनेझ यांच्या दोन बासेट हॉर्नसाठी दुसरा भाग झाला आणि तिघांना एकत्र आणणारा तिसरा. 2009 साली ही त्रयी संपूर्ण स्वरूपात सादर झाली. मधल्या काळात, 2006 साली, ‘लील रे-सोनांत’ला आर्स इलेक्ट्रॉनिका या ऑस्ट्रियातील महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन निका, मिळाला. इलेक्ट्रॉनिक संगीतातला मोठा सन्मान हाती आला तेव्हा ज्यांना तो मिळाला त्या इलेक्ट्रॉनिक संगीतातून बाहेर पडून गेल्या होत्या.

कागद का नको

आता मूळ प्रश्न. कर्टिस यांच्याबरोबर जे सापडले ते लिहून ठेवायला काय हरकत होती? बोटांच्या जागा, गजाचा दाब, मिनिटे, क्रम, सगळे लिहिता आले असते. आधुनिक संगीतात याहून कितीतरी गुंतागुंतीच्या लिपी वापरल्या जातात.

माझे उत्तर असे आहे. स्वरलिपी जे टिपू शकते, म्हणजे स्वराची उंची आणि त्याचा काळ, ते या संगीतात जवळजवळ स्थिर आहे. आणि जे सतत बदलत आहे, म्हणजे उपस्वरांची हालचाल, खोलीचा प्रतिसाद, लांडगा उलटण्याआधीची थरथर, ते लिपीच्या आवाक्यात येत नाही. लिहिली असती तर ‘एक दीर्घ स्वर, सुमारे साठ मिनिटे’ असे काहीतरी कागदावर उरले असते, आणि तो कागद अचूक असूनही निरुपयोगी ठरला असता. त्याहून वाईट म्हणजे वादकाचे डोळे कागदावर गेले असते. कागद वाचणारा वादक पुढे काय येणार ते बघतो. या संगीताला आत्ता काय येते आहे ते ऐकणारा वादक हवा.

2011 साली सुरू झालेल्या ‘ऑकम ओशन’ या मालिकेत रादीग यांनी याच विचाराची पद्धत बांधली. मालिकेची पहिली रचना रॉड्री डेव्हिस यांच्या हार्पसाठी झाली. हार्पच्या तारा बोटांनी न छेडता गजाने वाजवल्या जातात. नंतर सिल्विया तारोत्सी यांचे व्हायोलिन, कॅरोल रॉबिन्सन यांचे बिर्बिने हे लिथुआनियन सुषिर वाद्य, युलिया एकार्ट यांचा व्हायोला, कर्टिस यांचा चेलो अशी साखळी वाढत गेली. एकल रचनांना नुसता क्रमांक असतो. दोघे एकत्र आले की ‘रिव्हर’, म्हणजे नदी. तिघे-चौघे आले की ‘डेल्टा’, त्याहून मोठा समूह झाला की ‘हेक्सा’. मालिकेच्या नावात दोन गोष्टी आहेत. मध्ययुगीन तत्त्वज्ञ ऑकमचा विल्यम याचे ते प्रसिद्ध तत्त्व, की अनावश्यक ते कापून टाकावे, आणि समुद्र. रादीग यांनी पूर्वी लॉस एंजलिसच्या एका संग्रहालयात ज्ञात लहरींचा एक उंच तक्ता पाहिला होता, सर्वात लांब लहरीपासून सर्वात सूक्ष्म लहरीपर्यंतचा. त्यात कानाला ऐकू येणारा भाग म्हणजे एक चिमुकली फट होती. समुद्राच्या लाटांवर वाऱ्याने उठलेल्या लहानशा तरंगासारखे आपले सगळे संगीत त्या फटीत मावते, ही प्रतिमा त्यांच्या मनात तेव्हापासून राहिली.

रचना कशी होत असे? पुढाकार वादकाने घ्यायचा. तो आपले वाद्य घेऊन रादीग यांच्या घरी जाई. दोघे मिळून पाण्याची एखादी प्रतिमा ठरवत, मग ती नदी असेल, झरा असेल, एखादा विशिष्ट किनारा असेल. ही प्रतिमा सहसा श्रोत्यांना सांगितली जात नाही. ती रचनेचा नकाशा असते, आणि स्वरलिपीच्या जागी तीच असते. मग वादक आपल्या वाद्याची अशी एखादी खोड दाखवी जी इतर संगीतात दोष म्हणून टाळली जाते. रादीग ऐकत, थांबवत, हे राहू दे, हे काढू या, इथे आणखी हळू, असे सांगत. काही बैठकांनंतर रचना वादकाच्या अंगी बाणे. ती त्या वादकाची होई, आणि दुसऱ्या कोणाला वाजवायची असेल तर तिने किंवा त्याने त्या पहिल्या वादकाकडूनच ती घ्यायची.

गुरुमुखी विद्येशी याची तुलना आपल्याकडे चटकन सुचते, आणि ती अर्धीच बरोबर आहे. आपल्याकडे गुरू शिष्याला राग, बंदिश आणि त्यावर विस्तार करण्याची रीत देतो. शिष्य पुढे स्वतःचे गाणे उभे करतो. रादीग रीत देत नाहीत, एकच रचना देतात, आणि त्यात आलाप-तानांना जागा नाही. शिवाय शिष्य रिकाम्या हाताने येत नाही. तो पूर्ण तयार वादक असतो, आणि त्याच्या वाद्याविषयी त्याला गुरूपेक्षा जास्त माहिती असते. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. म्हणून या रचना कोणाच्या, हा प्रश्न पोकळ नाही. कॅरोल रॉबिन्सन यांचे नाव नंतरच्या काही ऑकम रचनांवर रादीग यांच्या बरोबरीने सहरचनाकार म्हणून येते. मला ते न्याय्य वाटते, आणि हे आधीच्याही काही रचनांबाबत व्हायला हवे होते असेही वाटते.

साखळी लांबते तेव्हा

या पद्धतीवरचे आक्षेप गंभीर आहेत. पहिला कायद्याचा. फ्रेंच कायदा रचना लिहिलेली असो वा नसो, लेखकाचा हक्क मान्य करतो. अमेरिकी कायद्यात मात्र रचना कोणत्यातरी टिकाऊ माध्यमात उतरलेली असावी लागते. कर्टिस न्यूयॉर्कमध्ये जे वाजवतात ते ध्वनिमुद्रित झाल्यावरच तिथल्या कायद्याला ‘दिसते’. परंतु याची तड लागू शकते. दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि तो मला रात्री जागवतो. एकल रचना एका माणसाच्या शरीरात राहते. तो माणूस आजारी पडला, त्याने वाद्य सोडले, किंवा शिकवायला कोणी मिळाले नाही, तर रचना संपली. ध्वनिमुद्रण मागे उरेल, पण ध्वनिमुद्रण म्हणजे पुन्हा फीतच, आणि फितीची मर्यादा ओळखूनच तर रादीग तिच्यापासून दूर गेल्या.

मोठ्या समूहाच्या रचनेत या पद्धतीची कसोटी लागली. ‘ऑकम ओशन’ याच नावाची वाद्यवृंदासाठीची रचना फ्रान्समधल्या ओनसेम या, आयत्या वेळी सुचेल तसे वाजवणाऱ्या सुमारे तीस वादकांच्या, वृंदाने 2015 साली पॅरिसच्या सँ-मेरी (Saint-Merri) चर्चमध्ये प्रथम सादर केली. तीस जणांना घरी बोलावून एकेकाबरोबर बसणे शक्य नव्हते. वृंदाचे प्रमुख फ्रेदेरिक ब्लाँदी यांनी आधी रादीग यांच्याबरोबर काम करून रचना आत्मसात केली आणि मग ती वृंदाला दिली. म्हणजे साखळीत एक कडी वाढली. काही जण याला मूळ तत्त्वाशी तडजोड म्हणतात. मला हाच पुरावा वाटतो की पद्धत चालते: जी गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तीस जणांकडे तोंडी जाऊ शकते, ती पुढच्या पिढीकडेही जाऊ शकते. ब्लाँदी यांच्याचसाठी झालेली ऑर्गनवरची रचना 2018 मध्ये लंडनच्या युनियन चॅपलमध्ये प्रथम वाजली. ऑर्गन तर इमारतीचाच भाग असतो. दोन ऑर्गन कधी सारखे नसतात. तिथे प्रत्येक नव्या ठिकाणी वादकाला रचना नव्याने शोधावी लागते, कारण आधीच्या चर्चमधले निर्णय नव्या चर्चमध्ये चुकीचे ठरतात.

तिसरा आक्षेप मला सर्वात कमी पटतो: हे संगीत इतके संथ आहे की वादक काय करतो आणि यंत्र काय करील यात फरक उरत नाही. ज्यांनी नालज्योरलाकच्या ध्वनिमुद्रणातली पहिली पाच मिनिटे हेडफोनवर, अंधारात, दुसरे काही न करता ऐकली आहेत, त्यांना गजाच्या एका फेरीच्या शेवटी हात उलटताना स्वराच्या आत उघडणारी आणि लगेच मिटणारी पोकळी नक्की ऐकू आली असेल. हाताला ती लपवता येत नाही, आणि लपवावी अशी अपेक्षाही नाही.

रादीग यांनी फितीवर तीस वर्षांत जे केले ते एकाच व्यक्तीच्या ऐकण्याचे फळ होते. वादकांबरोबर जे केले त्यात ऐकणारे दोन झाले, मग तीस झाले. माझ्या मते हा बदल त्यांच्या संगीताच्या गाभ्याशी सुसंगत आहे, आणि त्यासाठी टिकाऊपणाची जी किंमत मोजावी लागते ती त्यांनी समजून उमजून मोजली. पन्नासहून अधिक ऑकम रचनांपैकी काही हरवतील. काही नव्या हातांत जाऊन थोड्या बदलतील.

चेलोचे लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगते आणि कोरडेपणाने आक्रसते, त्यामुळे त्या पेटीतला लांडगाही जागा बदलतो. कालच्या सभागृहात तो जिथे सापडला तिथे तो आज असेलच असे नाही. म्हणून नालज्योरलाक वाजवणाऱ्याचे काम श्रोते येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. रिकाम्या सभागृहात वाद्य गुडघ्यांत धरून, गज अगदी हलका टेकवत, तो एकाच तारेवर बोट कणाकणाने वर सरकवत जातो, आणि स्वर गुरगुरायला लागला की तिथे थांबतो, मग चारही तारा पुन्हा त्या जागेपाशी आणायला घेतो.